जुन्या मोटारींतील रेडिओ

माझे एक स्नेही पुण्यास राहतात. त्यांच्या वडिलांनीं घेतलेली १९५१ सालची शेव्हरोले मोटार त्यांनीं अद्याप चालती ठेविली आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता व १९५४ सालीं तो बंद केला. ही गाडी त्या कारखान्याच्या अखेरच्या काळांतली. या गाडींतील मूळचा रेडिओ कित्येक वर्षें मुका आहे. कारागिराचें म्हणणें असें कीं, समोरचा पत्रा थोडा कापला तर आजच्या मापाचा नवा रेडिओ तेथें सहज बसेल. "तुम्ही तत्त्वज्ञान शिकवितां," स्नेही मला म्हणाले, "तेव्हां सांगा, कापूं कीं नको?" हा प्रश्न मीं प्रथम हंसण्यावारी नेला. परंतु घरीं परततांना ध्यानांत आलें कीं, वाडवडिलांकडून आलेल्या प्रत्येक वस्तूविषयीं व चालीविषयीं आपणांस हाच प्रश्न केव्हांना केव्हां तरी सोडवावा लागतो.

प्रथम हा रेडिओ कसा आहे तें पाहूं. केवळ ट्रॅन्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनीं १९५५ सालीं जाहीर केला. त्यापूर्वींचे रेडिओ व्हाल्व्हचे. व्हाल्व्हला २०० व्होल्टांच्या आसपास दाब लागतो, आणि या गाडीची बॅटरी तर अवघी ६ व्होल्टांची. म्हणून रेडिओंत व्हायब्रेटर नांवाची एक डबी असते. तिच्यांतील पातें अत्यंत वेगानें थरथरून प्रवाह तोडतें व जोडतें, आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब चढवितो. बटन फिरविलें कीं आधीं डबीची गुणगुण ऐकूं येते, हळूहळू व्हाल्व्ह तापतात, आणि मग आवाज उमटतो. हा सर्व खटाटोप केवळ मध्यम लहरींसाठीं. त्या लहरींचें आयुष्य तरी कोठें शाश्वत आहे? जर्मनींतील सार्वजनिक नभोवाणीनें २०१५ अखेर मध्यम लहरींवरील प्रक्षेपण संपविलें; नॉर्वेनें तर २०१७ सालीं एफ्. एम्. वरील राष्ट्रीय कार्यक्रमहि बंद केले. म्हणजे रेडिओ निर्दोष असूनहि जगानें त्याच्याशीं बोलणें सोडून द्यावें, असें घडूं शकतें.

तत्त्वज्ञांना हा प्रश्न अगदींच अपरिचित नाहीं. थीसिअसच्या गलबताची कुजलेली फळी काढून अथेन्सचे लोक नवी घालीत. मग गलबत तेंच राहिलें कीं दुसरें झालें, असा वाद प्लूटार्कनें नमूद केला आहे. मिलिंदपञ्हांतील नागसेन रथाचे अवयव एकेक करून तपासतो, आणि रथ हें केवळ व्यवहाराचें नांव ठरतें. परंतु हे दोन्ही दृष्टान्त येथें अपुरे पडतात. गलबतांत फळीच्या जागीं फळीच आली होती. येथें व्हाल्व्हच्या जागीं व्हाल्व्ह येत नाहीं. शिवाय 'वस्तु तीच राहिली काय' हा प्रश्न सत्ताशास्त्राचा आहे, आणि 'असें करण्याचा मला अधिकार आहे काय' हा नीतिशास्त्राचा. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यास थांबण्याचें कारण नाहीं.

स्नेह्यांची बाजू दुबळी नव्हती. "अहो, वडिलांनीं रेडिओ घेतला तो ऐकण्यासाठीं," ते म्हणाले. "मुक्या पेटीपुढें बसून मी त्यांचा मान राखतों कीं त्यांचा हेतु मोडतों?" हेतु विसरून आकार तेवढा जपणें यालाच आपण कर्मठपणा म्हणतों, तेव्हां हा आक्षेप सहज झटकून टाकतां येईना. कित्येक लोक मधला मार्ग काढतात: तबकडी व बटनें जुनींच ठेवून आंत नवें यंत्र बसवितात. मीं तो सुचविला खरा, पण सुचवितांना माझीच जीभ अडखळली. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

माझ्या वडिलांचें लंबकाचें घड्याळ दर रविवारीं किल्ली मागत असे. तो व्याप नको म्हणून १५ वर्षांपूर्वीं मीं त्यांतील यंत्र काढवून सेलवर चालणारें यंत्र बसविलें. जुनें यंत्र भंगारांत गेलें. आतां घड्याळ वेळ बरोबर दाखवितें. लंबकहि हलतो, पण वेळेशीं त्याचा कांहींएक संबंध उरलेला नाहीं. पाहुणे त्या जुन्या घड्याळाचें कौतुक करतात तेव्हां मी गप्प बसतों. ढोंग जें कांहीं आहे तें त्या गप्प बसण्यांत आहे. घड्याळाचा त्यांत दोष नाहीं. परंतु मला अधिक डांचतें तें निराळेंच. आजोबांचें यंत्र कसें चालत असे तें दाखवा, असें माझा मुलगा एकदां म्हणाला, आणि मला दाखवितां आलें नाहीं. त्याच्या वांट्याचा निर्णय मीं त्याला न विचारतां घेऊन टाकला होता.

पत्रा कापण्यांतील दोष हाच आहे. काढलेला रेडिओ परत बसवितां येतो. कापलेला पत्रा पूर्ववत् होत नाहीं. जें पालटतां येईल तें करण्याची मोकळीक मालकाला पुष्कळ असावी. जें पालटतां येणार नाहीं तें करतांना मात्र, ज्यांना विचारणें शक्य नाहीं अशांच्या वतीनेंहि आपण बोलत असतों, हें ध्यानांत धरावें. पुढच्यांना या रेडिओची पर्वा नसेलहि. पण ती नसण्याचा अधिकार त्यांचा आहे, आपला नव्हे. अर्थात् यालाहि मर्यादा आहे. ब्रेक निकामी असतील तर मूळपणाचा विचार बाजूस ठेवून ते बदललेच पाहिजेत, कारण तेथें वाटेवरच्या माणसाचा जीव गुंतलेला असतो. गाण्याची सोय त्या योग्यतेची नाहीं. आणि ढोंगाचें काय? १९६४ सालच्या व्हेनिस सनदेनें जुन्या वास्तूंविषयीं असें सांगितलें कीं, नवा भाग मुळाशीं मिळताजुळता असावा, तरी मुळाहून निराळा ओळखूं यावा. मोटारीच्या मालकानें विचारणाऱ्यास खरें सांगितलें म्हणजे या अटीचें सार त्यानें पाळलें, असें मी समजतों.

स्नेह्यांनीं पत्रा कापला नाहीं. जुना रेडिओ जागच्या जागीं आहे. नवें यंत्र बैठकीखालीं ठेवलें आहे, आणि गाडींत बसणाऱ्याला ते स्वतःच तें दाखवितात. मीं घरीं येऊन घड्याळाची पेटी उघडली, आणि कोणतें यंत्र काढलें, केव्हां व कोणी, हें एका कागदावर लिहून तो आंतल्या बाजूस चिकटविला. त्यानें यंत्र परत आलें नाहीं. पण पुढें जो कोणी पेटी उघडील त्याची फसवणूक तरी होणार नाहीं.