जहाज माझे, गोष्ट त्यांची

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भूमितीच्या वह्या तपासताना एका मुलाच्या मागच्या पानावर अंतराळजहाज दिसले. पुढे बशीसारखी तबकडी, मागे लांबट इंजिन. खाली जहाजाचे नाव, क्रमांक, खलाशांची संख्या. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका आम्हीही १९८०च्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेली. मी म्हटले, "हे तर त्यांचे." तो म्हणाला, "जहाज माझं आहे सर, गोष्ट त्यांची."

"नक्कल सोड, स्वतःचे काही काढ," असे मी सुनावले. त्यानंतर त्या वहीत मला फक्त प्रमेये दिसली. शिस्त लागली म्हणून मी समाधान मानले.

दुसऱ्याच्या कल्पनेत उभे राहून केलेली निर्मिती आपली असते का? पुढे याच विषयावर वाचताना फ्रान्झ जोसेफ भेटला. हा विमान उद्योगातला आराखडाकार. मुलीला मालिकेचे वेड, त्यातून हा त्या जगाचे आराखडे काढू लागला. १९७५ साली ते रीतसर परवानगीने पुस्तकरूपाने आले. मॅट जेफरीज यांनी घडवलेल्या मूळ 'एंटरप्राइझ'ला दोन इंजिने. जोसेफने एका इंजिनाचे टेहळणी जहाज काढले, तीन इंजिनांचे युद्धजहाजही काढले. भाग तेच, जुळणी नवी. १९७९च्या चित्रपटातील संभाषणात त्याच्या पुस्तकातल्या जहाजांची नावे ऐकू येतात. पुढे मात्र त्या पुस्तकाला अधिकृत जगात स्थान उरले नाही. ज्या घरासाठी राबला, तेथला तो पाहुणाच राहिला.

मग त्याचे श्रम वाया गेले? मला तसे वाटत नाही. दिवाळीत आपल्या अंगणात मुले मातीचा रायगड करतात. गड महाराजांचा, पण बुरूज कोठे, पाण्याचे टाके कोठे, मावळा कोणत्या दगडावर, हे पोर ठरवते. त्या निवडीत त्याची बुद्धी कामाला लागते. जहाज काढणाऱ्यालाही हेच प्रश्न पडतात. इतकी माणसे झोपतील कोठे? एक इंजिन बंद पडले तर परत कशी येतील? जे अस्तित्वातच नाहीत त्या खलाशांची काळजी वाहणे, ही नक्कल खचित नव्हे.

एक फरक मात्र मानला पाहिजे. रायगड सर्वांचा आहे, मालिकेला मालक आहे. २०१६ साली मालकांनी चाहत्यांच्या चित्रपटांना नियम घातले. एक कथा पंधरा मिनिटांहून लांब नको. आपल्या मालाचा दुसऱ्याने बाजार मांडू नये, हे म्हणणे मला रास्त वाटते. पण बाजाराचा नियम वहीच्या मागच्या पानाला लावू नये. तेथे दोनच कसोट्या पुरेत: ऋण कोणाचे ते उघड सांगितले का? आणि त्यात स्वतःची भर घातली का?

त्या मुलाने दोन्हींची उत्तरे एका वाक्यात दिली होती. त्याच्या जहाजाला इंजिन एकच होते. ते का, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. स्वतःचे काही काढ म्हणणाऱ्या मला त्याचे स्वतःचे काय, तेच दिसले नाही.

आता वह्या तपासताना मी मागचे पान आधी उघडतो. चित्र असेल तर लाल शाई बाजूला ठेवतो आणि विचारतो, "बाळ, यातली माणसे झोपतात कोठे?"