आपलेच दात, आपलेच ओठ

झोपेत दात खाणाऱ्याला आपण दात खातो हे बहुधा दुसऱ्याच्या तोंडून कळतं. शेजारी झोपलेलं माणूस आधी उंदराचा संशय घेतं, मग दिवा लावतं, आणि करकर नवऱ्याच्या नाहीतर लेकीच्या जबड्यातून येतेय हे पाहून चाट पडतं. सकाळी उठणाऱ्याच्या हाती उरतो तो पुरावा: आखडलेला जबडा, ठणकणारी कानशिलं, एखाद्या दाढेचा उडालेला टवका.

घरातला न्यायनिवाडा मात्र झटपट होतो. लहान मूल असेल तर ‘जंत झालेत’, मोठं माणूस असेल तर ‘मनात कुणाचा तरी राग धरलाय’. दातओठ खाणं म्हणजे राग, हे मराठीनंच ठरवून ठेवलेलं असल्यामुळे दुसऱ्या निदानाला फार विचार लागत नाही. जुन्या वैद्यकानं तिसरा आरोपी उभा केला होता. माधवनिदानात मुलांना झपाटणाऱ्या बालग्रहांच्या सामान्य लक्षणांमध्ये मुलाचं दात खाणं आहे. कृमी, मन आणि ग्रह असे तीन संशयित झाले, आणि ज्याचे दात आहेत तो तिघांच्याही वेळी झोपलेला.

झोपलेल्या माणसाच्या हातून घडतं ते कृत्य कुणाचं? या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा दाखला भागवताच्या अकराव्या स्कंधात, तेविसाव्या अध्यायात आहे. अवंतीचा एक कवडीचुंबक ब्राह्मण सगळं धन गमावून भिक्षू होतो. गावकरी त्याचा दंड-कमंडलू पळवतात, अन्न बाटवतात, अंगावर थुंकतात. तो चिडत नाही. माझ्या दुःखाला कारण कोण, याचा शोध घेत तो एकेकाला तपासत जातो: लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म, काळ. पहिल्याच संशयिताला, म्हणजे लोकांना, सोडताना तो विचारतो की जेवताना आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली, तर त्या वेदनेपायी रागवायचं कुणावर?

या स्कंधावरची एकनाथांची टीका पैठणला सुरू झाली. पहिले पाच अध्याय तिथे झाले आणि पुढचा सगळा ग्रंथ वाराणसीत लिहून शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला पुरा झाला. तेव्हा जीभ आणि दातांचं हे भांडण एकनाथांच्या मराठीत आलं ते काशीतच. पैठण ते काशी ही त्या काळातली वहिवाटीची वाट होती. धर्मशास्त्र्यांचं प्रसिद्ध भट्ट घराणं त्याच वाटेनं आलं, आणि त्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीतच निर्णयसिंधू हा धर्मशास्त्राचा ग्रंथ पूर्ण केला. प्रायश्चित्त सांगताना जाणूनबुजून केलेलं आणि नकळत घडलेलं असा भेद धर्मशास्त्र करतंच. पण ‘नकळत’ची पायरी नेमकी कुठे लागते?

भिक्षूचा निकाल असा: सुखदुःखाचं कारण मन. खरं तर त्याचा दाखला त्याच्या निकालापेक्षा मोठा आहे. जीभ चावते तेव्हा मनानं काही योजलेलं नसतं. घास इकडचा तिकडे होतो, इतकंच. भिक्षूनं तो दाखला घाईनं मागे टाकला असं म्हणायला जागा आहे.

झोपेच्या प्रयोगशाळांत दिसलेला क्रम इथे कामी येतो. आधी मेंदू क्षणभर जागेपणाकडे सरकतो, हृदयाची गती वाढते, मग चर्वणाचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा अशा तालात आवळू लागतात, आणि सगळ्यात शेवटी दातावर दात घासतो. हे बरंचसं उथळ, स्वप्नं विरळ असणाऱ्या झोपेत घडतं. म्हणजे जागृती नाही, पुरतं स्वप्न नाही आणि सुषुप्तीही धड नाही. मांडूक्य उपनिषदाच्या चौकटीत हा उंबरठा बसवायला अवघड जातो. वेदान्ताला असा पेच नवा नाही म्हणा. ब्रह्मसूत्रांत मूर्च्छेचा विचार आहे, आणि ती तिन्ही अवस्थांत बसत नाही म्हणून तिला अर्धीमुर्धी जागा काढून दिली आहे. दात खाणाऱ्यालाही तशीच एखादी ओसरी द्यायला हरकत नसावी.

विसाव्या शतकात दंतवैद्यांनीही बराच काळ चुकीच्या आरोपीला धरलं होतं. दात एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासतो, असं मानून चांगले दात कानसले गेले. आता ती समजूत मागे पडली आहे. ताणाचा हात असतो. तसाच सिगारेटचा, दारूचा, रात्रीच्या कॉफीचा, नैराश्यावरच्या काही गोळ्यांचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा. ‘मनात काय ठेवतेस’ म्हणून बायकोला छळणाऱ्यानं ही यादी वाचावी.

आणि मग नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण. दुकानात मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा गार्ड स्वस्त असतो, पण मऊपणामुळे काहीजण तो रात्रभर चघळत बसतात आणि तो लवकर फाटतो. दातांचं माप देऊन करवलेला कडक अॅक्रिलिकचा गार्ड महाग, टिकाऊ, आणि पहिले काही दिवस तोंडात दगड ठेवल्यासारखा. आतून मऊ, बाहेरून कडक असाही एक प्रकार मिळतो. पुढच्या चार दातांपुरताच गार्ड वर्षानुवर्षं वापरला तर दात सरकू शकतात. जोरात घोरणाऱ्यानं आधी श्वासाची तपासणी करावी, कारण वरच्या दातांवरच्या गार्डनं काहींचा श्वास जास्त अडकतो. काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद आणि दंतविज्ञान अशी दोन्ही संकायं आहेत, पण गार्डचं माप द्यायला दंतविज्ञानाच्याच दारात जावं लागेल.

गार्डनं दात खाणं थांबतं का? उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात तसं म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. दातांची झीज कमी होण्याची शक्यता तेवढी नोंदवली गेली. तत्त्वज्ञाला हे अपुरं वाटेल. भिक्षूनं सहा संशयित तपासून सातव्याला पकडलं. गार्ड एकालाही पकडत नाही, दोन दातांच्या मध्ये जाऊन पडतो. झिजलेलं एनॅमल परत उगवत नाही, म्हणून खटला चालू असतानाच दात वाचवायचे असतात, आणि एवढ्यापुरता तो भिक्षूच्या चार पावलं पुढे आहे.

सोवळं मानणाऱ्या जुन्या घरात त्याची एक वेगळीच अडचण होते: रोज तोंडातून निघणारी ती उष्टी वस्तू ठेवायची कुठे? थंड पाण्यानं धुऊन, भोकं असलेल्या डबीत, देवघरापासून लांब. काही महिन्यांनी गार्डवर चरे उमटतात. तपासणीला डबी बरोबर न्यायची. दंतवैद्य गार्ड उजेडाकडे धरतात, कोणत्या दाढेपाशी चर खोल गेलाय ते बोटानं दाखवतात, आणि गार्ड पातळ झाला असेल तर नव्या मापाची तारीख देतात.