पलीकडच्या बाजूने

आपल्या धर्मग्रामातूनही हल्ली युरोपच्या सहलीला बरेच जण जाऊन येतात. डॅन्यूब नदीवरून बोटीने जाण्याचा योग आम्हा काही जणांनाही आला. जर्मनीतल्या पासाऊ शहरात डॅन्यूबला इन आणि इल्झ या दोन नद्या मिळतात. तिथून निघालेली बोट संथपणे ऑस्ट्रियात शिरते. मग लिन्झ, मेल्क आणि शेवटी व्हिएन्ना. काठावर चर्चचे मनोरे, द्राक्षमळे, मेल्कच्या खडकावर १०८९ पासून नांदणारा बेनेडिक्टाईन मठ. मन निवते.

लिन्झ सोडल्यावर डाव्या काठाला माउटहाउजेन हे टुमदार गाव लागते. डेकवर चहा चालला होता. कुणीतरी गावामागच्या टेकडीकडे हात करून सांगितले, "तिथे नाझींची छळछावणी होती." आम्ही क्षणभर पाहिले आणि चहा संपवला. बोट पुढे गेली.

१९३८ ते १९४५ या काळात माउटहाउजेन आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे डांबली गेली. त्यांपैकी किमान ९० हजार मरण पावली. खाणीतले ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन कैद्यांना १८६ पायऱ्या चढाव्या लागत. पूर्वी व्हिएन्नाच्या रस्त्यांना इथलाच दगड जात असे. दोन दिवसांनी आम्ही त्याच शहरात मजेत फिरलो.

मग सहलीला जाणे पाप आहे का? मुळीच नाही. विश्रांती ही देवाची देणगी आहे. त्यानेच सातवा दिवस विसाव्याचा ठरवला. आम्हाला टोचते ते निराळे. नदी तेव्हाही अशीच वाहत होती. काठावरची माणसे शेती करत होती, मुले वाढवत होती, रविवारी मिस्साला जात होती. ती सगळीच काही दुष्ट नव्हती. आपले घर सांभाळावे, एवढेच बहुतेकांना वाटत असावे. आपल्याला तरी दुसरे काय वाटते?

त्याच लिन्झ धर्मप्रांतात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचे शेतकरी होते. घरी पत्नी आणि तीन लहान मुली. गावच्या चर्चमध्ये ते सॅक्रिस्टनचे काम करत. हिटलरसाठी शस्त्र उचलायला त्यांनी नकार दिला. घरादाराचा विचार करा, असे त्यांना धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही समजावले. घराचा विचार त्यांनी केला नव्हता असे नाही. पण सद्सद्विवेकबुद्धीला गप्प बसवून घर वाचवणे त्यांना जमले नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिन्झच्या महामंदिरात त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा ९४ वर्षांच्या पत्नी फ्रान्झिस्का तिथे हजर होत्या.

प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनी त्या जखमी माणसाला मारले नव्हते. ते फक्त पलीकडच्या बाजूने निघून गेले. त्या दिवशी डेकवर आम्हीही तेच केले. नजर वळवण्याची ही सवय आम्हाला बोटीवर लागली नाही. ती आम्ही इथूनच सोबत नेली होती. शेजारच्या घरातून रात्री रडणे ऐकू येते, आपण खिडकी लावून घेतो. नातेवाइकांनी टाकलेली म्हातारी ओसरीवर बसलेली दिसते, आपण पावले झपझप उचलतो.

आज मिस्साहून घरी परतताना अशा एका तरी दारापाशी थांबू या. घरचा चहा निवला तरी चालेल.