पाठीवरचा हात



कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली की आपल्याकडचा माणूस पुष्कळदा आधी हाड बसवणाऱ्याकडे जातो. तो मणक्यांवरून अंगठा फिरवतो, कुठे दुखते ते विचारतो आणि एक झटका देतो. मोठ्या शहरांत जवळपास असेच काम शिकून करणाऱ्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. आता समजा, कंबर धरलेल्या एखाद्या बहिणीला एचआयव्हीची लागण आहे. तिने तिथे जावे का? आपला आजार सांगावा का? आणि समोरच्याने तिला हात लावायलाच नकार दिला, तर त्याला काय म्हणावे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हात लावल्याने, पाठ चोळल्याने किंवा घामाने एचआयव्ही होत नाही. नकारामागे उरते ती फक्त भीती. संसदेने २०१७ साली केलेला आणि सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला कायदाही या आजारामुळे कोणाला उपचार नाकारू देत नाही. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी आपल्या जिल्ह्याने हा धडा पाहिला आहे.

१९३९च्या सुमारास संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. त्या मालिशीने रोग गेला नाही. शास्त्रींनी १९४५ साली दत्तपूरच्या कुष्ठधामात देह ठेवला. कुष्ठरोग बरा करणारी खात्रीची औषधे पुढे आली, तीही प्रयोगशाळेतून. मग ती मालिश वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. जगाने दूर लोटलेल्या माणसाला, तू आमच्यातलाच आहेस, हे तिने सांगितले. औषधाचे काम वेगळे, स्पर्शाचे वेगळे. दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

गोंधळ होतो तो इथेच. कायरोप्रॅक्टिकचा आरंभ १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी केला. बहुतेक सारे रोग सरकलेल्या मणक्यांतून येतात, असे ते मानत. आज ही विद्या जाणणारे अनेकजण तसे म्हणत नाहीत. कंबरदुखीत अशा उपचाराने काहींना थोडाफार आराम पडतो, हे खरे. पण मणका बसवल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते आणि एचआयव्ही हटतो, याला पुरावा नाही. विषाणूला आवर घालतात त्या रोजच्या गोळ्या. सरकारने २००४पासून त्या मोफत द्यायला सुरुवात केली. त्या नेमाने घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो. कोणाच्या शब्दावर विसंबून त्या बंद केल्या, तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाचा अर्थ थोडक्यात सांगितला आहे : दुसऱ्याचे भले इच्छिणे. म्हणून गोड वाटणारी खोटी आशा हे प्रेम नव्हे. हात नाकारणारा त्या बहिणीवर अन्याय करतो, आणि हात देऊन खोटे बोलणाराही करतो. पहिल्याचा अन्याय दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही, एवढेच.

आता तिने जावे का? आधी डॉक्टरकडे जावे. या आजारात क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि तो मणक्यालाही होतो. काहींची हाडे आजारामुळे किंवा काही औषधांमुळे विरळ होतात. अशा पाठीला झटका दिला तर मोठी इजा होऊ शकते. तपासणीनंतर डॉक्टर हो म्हणाले, तर हलक्या हाताने चोळून घेण्यात काही गैर नाही.

आणि सांगावे का? न्यायालयाच्या आदेशावाचून तिच्यावर तशी सक्ती कोणी करू शकत नाही. पण पाठीवर जोर देणाऱ्याला पाठीची स्थिती कळली पाहिजे. हाडे कमजोर असतील, तर 'डॉक्टरांनी झटका देऊ नका म्हणून सांगितले आहे,' एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. आजाराचे नाव उच्चारायचे की नाही, ते तिने ठरवावे. मात्र ते नाव तिच्या ओठांवर अडत असेल, तर त्यात तिचा दोष किती आणि आपल्या कुजबुजीचा किती, हे आपण स्वतःला विचारू या.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पहिला अध्याय आपण ऐकला आहे. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, आणि मग त्याला याजकाकडे तपासून घ्यायला पाठवले. स्पर्शही केला, तपासणीलाही पाठवले. प्रभूच्या हाताने रोग गेला. आपल्या हाताने तो जात नाही आणि तसा दावा आपण करू नये. पण हात पुढे करणे आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि खरे बोलणेही.

तुमचे धर्मगुरू