समारंभाविना उघडलेला सेतू

कालीघाटास किंवा गंगासागरास जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू हावडा स्थानकाबाहेर पाऊल टाकतो, तोच हुगळीवरचा प्रचंड पोलादी पूल त्याच्या दृष्टीस पडतो. पुढील दर्शनाच्या ओढीने तो घाईघाईने पूल ओलांडतो. परंतु हा पूल म्हणजे महायुद्धाचे एक विलक्षण स्मारक आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

या सेतूचे बांधकाम १९३६ मध्ये सुरू होऊन १९४२ मध्ये पुरे झाले. त्यास सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. त्यातील सुमारे २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरविले. दोन मनोऱ्यांमधील सुमारे १,५०० फुटांच्या अंतरात नदीच्या पात्रात एकही खांब नाही. एवढे कार्य सिद्धीस गेले, पण त्याचा उद्घाटनसोहळा झालाच नाही. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकले होते. त्या भयाने ३ फेब्रुवारी १९४३ रोजी हा सेतू गाजावाजा न करता रहदारीस खुला करण्यात आला. १९६५ मध्ये त्यास ‘रवींद्र सेतू’ हे नाव मिळाले.

कोणी म्हणेल, ना सत्कार, ना जयघोष. हेच निष्काम कर्म नव्हे काय? वरवर पाहता तसे वाटते खरे. परंतु भयामुळे पाळलेले मौन आणि अनासक्तीतून उमललेले मौन यांत महदंतर आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात; भेद असतो तो अंतःकरणात. म्हणून केवळ गाजावाजा केला नाही, एवढ्यावरून कर्म शुद्ध ठरत नाही. ते कोणाच्या हितासाठी झाले व त्याचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे.

याच युद्धकाळातील दुसरे कर्म पाहा. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून १९४२ मध्ये बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील दहांहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या हजारो नौका सरकारने काढून घेतल्या वा निकामी केल्या. तेथील तांदूळही हलविला. कोळ्यांची मासेमारी बुडाली, धान्याची ने-आण खुंटली. त्यातच ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, ऑक्टोबरात मेदिनीपुरावर चक्रीवादळ कोसळले, भाव भडकले, आणि साठे करणाऱ्यांचा लोभ मोकाट सुटला. १९४३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. कित्येक अभ्यासक ती संख्या तीस लक्षांच्या घरात नेतात. एका हाताने नदीवर सेतू उभारला, दुसऱ्या हाताने नदीवरच्या नावा हिरावल्या! कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेलेले लोक भात मागत नव्हते. भात शिजवून ओतून टाकलेले पाणी तेवढे मागत होते.

परिणाम, हानी आणि परपीडा यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्मास भगवंतांनी अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. राज्यकर्त्यांवर हा दोष ठेवणे सोपे आहे. परंतु त्या दुष्काळात कोठारे भरून दार लावून बसलेले सारेच काही राज्यकर्ते नव्हते. त्यांत आपल्यासारखे गृहस्थही होते. मुलाबाळांसाठी चार पोती अधिक ठेवली, यात पाप ते कोणते, असेच त्यांना वाटले असेल. ‘माझे’ या शब्दाची सीमा घराच्या उंबरठ्यापाशी संपली, की प्रपंचाची काळजीही अधर्माचे रूप घेते, ती अशी.

जो केवळ स्वतःसाठीच शिजवितो तो पाप भक्षण करतो, असे तिसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. म्हणून गृहस्थाने पहिला घास घेण्यापूर्वी दाराबाहेर एकवार पाहावे, आणि टंचाईच्या दिवसांत गरजेहून अधिक साठवू नये. एवढा नेम पाळण्यास द्रव्य लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही.

पुढे कधी हावड्यास उतरलात, तर पुलावर क्षणभर कडेला उभे राहा. खाली वाहणाऱ्या गंगामाईला हात जोडताना त्या अन्नावाचून गेलेल्यांचेही स्मरण करा, आणि मगच देवदर्शनास जा. ती यात्रा अधिक सफळ होईल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥