तारीख आणि सण

नाताळ हा घरी परतण्याचा सण आहे, असे आपण सहज बोलून जातो. परभणी जिल्ह्यात मात्र हे विधान जपून करावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' असेच म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना चिकटले आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता थांबू शकत नाही. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा धरला जातो. शेजारच्या हिंदू कुटुंबाला निदान एखाद्या वर्षी दिवाळी घरी करून निघता येते. २५ डिसेंबर दरवर्षी ऐन हंगामातच येतो. टोळीत एखादे ख्रिस्ती जोडपे असेल, तर त्याचा नाताळ कोपीत आणि मागे राहिलेल्या आजीचा व नातवंडांचा नाताळ गावात, असे एकाच घराचे दोन नाताळ होतात.

अशा वेळी आम्हांला प्रश्न पडतो तो असा: ज्या दिवशी कुटुंब एकत्र येऊच शकत नाही, त्या दिवशी कुटुंबाचा सण होतो काय? आणि पुढे सवडीने केला, तर तो तोच सण राहतो काय?

एक पक्ष म्हणेल की सण सोयीप्रमाणे हलविला म्हणजे तो आपला होतो, देवाचा राहत नाही. या म्हणण्यात बळ आहे. परंतु तारखेचा इतिहास पाहिला तर ते काहीसे सैल पडते. रोममधील ३५४ सालच्या एका पंचांगात २५ डिसेंबरचा उल्लेख सापडतो. आर्मेनियन ख्रिस्तसभा ६ जानेवारीला प्रभुजन्म साजरा करते आणि जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या पौर्वात्य ख्रिस्तसभांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला पडतो. तारीख ही समाजाने मिळून केलेली बोली आहे. म्हणून ती क्षुद्र ठरत नाही. सर्वांनी एकाच दिवशी गुडघे टेकावेत हीच तर तिची थोरवी.

जुन्या करारातील गणना या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात या पेचाला स्पष्ट उत्तर आहे. प्रेतस्पर्शाने अशुद्ध झालेले काही लोक मोशेकडे येऊन विचारतात, आम्ही वल्हांडणाला का मुकावे? मोशे परमेश्वराला विचारतो. आज्ञा होते की अशा माणसाने, किंवा दूरच्या प्रवासात असलेल्याने, दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी तोच सण त्याच बेखमीर भाकरीने व कडू भाजीने पाळावा. मात्र जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही, आणि तरी सण चुकवितो, त्याला समाजातून तोडावे, असेही तेथेच म्हटले आहे. सवलत आहे ती अडलेल्याला, आळशाला नाही. मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी परभणीला उतरतो. सुट्टी हाती असता तो महाबळेश्वरला जात असेल, तर त्याने या अध्यायाचा पूर्वार्धच वाचून थांबू नये.

पण एक धोकाही आम्हांला दिसतो. बेथलेहेमातील ते कुटुंबही सम्राटाच्या हुकुमामुळे घरापासून दूर होते, मेंढपाळ तर रात्रपाळीवरच होते, असे प्रवचनात सांगता येते, आणि ते खरेही आहे. तथापि एवढ्यावर कोपीतल्या मातेचे समाधान करणे म्हणजे उचलीच्या व्यवहारावर धार्मिक शाल पांघरणे होय. गंगाखेडच्या जनाबाईने दळताना-कांडताना देव जवळ केला, ही तिची थोरवी. जात्याशी तिला बसविणाऱ्यांची नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. या ख्रिस्तसभेचे अर्धे सभासद वर्षाचे पाच-सहा महिने दुसऱ्या धर्मप्रांताच्या हद्दीत असतात. नोंद इथल्या वहीत, वस्ती तिथल्या फडाशेजारी. मग त्यांचा मेंढपाळ कोण? १९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताने आणि कारखान्यांच्या परिसरातील धर्मग्रामांनी हा प्रश्न एकमेकांना विचारायला हवा. कोपीसमोर मिस्सा करायला घंटा लागत नाही. टोळी फडातून परतण्याची वेळ तेवढी पाळावी लागते.

कुटुंबाने काय करावे? आमच्या मते २५ डिसेंबर कोणीही सोडू नये. आजीने नातवंडांसह गव्हाणीपुढे जपमाळ म्हणावी. त्याच वेळी मोबाईलवरून आईबापांचा आवाज त्या जपात मिसळावा. आणि एकत्र पंगतीचा दिवस पास्काकडे न्यावा. पास्काचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. तोवर बरेचसे कोयते घरी परतलेले असतात. शिवाय ख्रिस्तसभेच्या दृष्टीने पुनरुत्थान हाच सर्वांत मोठा सण, हे आपण नाताळच्या रोषणाईत विसरत चाललो आहोत. आमच्या पाहण्यातील एका घरी असेच होते. नाताळच्या करंज्या तोवर टिकत नाहीत, म्हणून आजी एप्रिलच्या उन्हात पुन्हा कढई चढविते. नातवंडे मात्र त्यांना नाताळच्याच करंज्या म्हणतात.