आधी न्याहारी, मग प्रश्न



फेब्रुवारी महिना आला की बारावीची आणि तिच्या पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. बहुतेक वर्षी त्याच सुमारास प्रायश्चित्तकाळही सुरू होतो. रविवारच्या मिस्सानंतर मुले वेदीजवळ जमतात, फादर त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, कुणी पेन पुढे करतो, कुणी हॉल तिकीट. आपण बाकांवरून कौतुकाने पाहतो. पण त्यांतली किती मुले सकाळी काही खाऊन आली आहेत आणि किती जण रात्री धड झोपली आहेत, हे आपल्याला ठाऊक असते का?

आमच्याच घरातले सांगतो. मुलगा बारावीला होता. पहाटे क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. डबा रोज रिकामा येई, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. एक दिवस कळले की डबा मित्र खात होते. हा चहा आणि एखाद्या वडापाववर दिवस काढत होता. का रे, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "घास उतरतच नाही. घरी आलो की तुम्ही पहिल्यांदा टेस्टचे मार्कच विचारता." आम्ही गप्प झालो. त्याला जेवण नको झाले होते, असे आम्हाला वाटत होते. त्याला आमचा प्रश्न नको झाला होता.

प्रायश्चित्तकाळात आपण उपवास करतो. पण ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना, तेही साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. वाढत्या वयाच्या मुलांवर ख्रिस्तसभेने जे ओझे टाकले नाही, ते आपण मार्कांच्या नावाने टाकत आहोत का?

शरीराचे काही नियम देवानेच घालून दिले आहेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. या वयात झोप उशिरा येते, हा दर वेळी आळस नसतो. शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकलेले असते. दिवसभर वाचलेले मनात पक्के बसते ते झोपेत. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल मध्यरात्री उलटून गेल्यावरही अंगात असू शकतो. म्हणजे जागरण करून मूल जे मिळवते, त्यातले बरेचसे तिथेच गमावते. मुंबई-पुण्याला हॉस्टेलवर राहणाऱ्या किंवा पहाटेची लोकल धरणाऱ्या आपल्या मुलामुलींचे हाल तर आपल्या नजरेआडच होतात. मेसचे जेवण चुकले की नूडल्स, चिप्स आणि थंड पेय.

कुणी म्हणेल, "आम्ही नाही का कष्ट केले? जो काम करत नाही त्याने खाऊही नये, असे संत पौलानेच लिहिले आहे." खरे आहे. पण पौलाचा तो उपदेश दुसऱ्याच्या जिवावर रिकामे बसणाऱ्यांना होता. घरातले मूल ताटावर बसते ते काही कमावून आणले म्हणून नव्हे, तर ते आपले आहे म्हणून. मुलांना कष्टाची सवय लावायलाच हवी. पण त्यांच्या ताटातली भाकरी मार्कांवर अवलंबून आहे असे त्यांना वाटू लागले, तर आपल्या मायेला काय म्हणायचे?

पवित्र शास्त्रातला एलिया आठवा. राणी ईजबेलच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला हलवून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचे भांडे होते. एलिया जेवला, पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगरावर देवाने त्याला प्रश्न विचारला, तो त्यानंतर.

पुनरुत्थित प्रभूनेही तेच केले. पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. तरी तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवला, मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि शिष्यांना न्याहारीला बोलावले. माझ्यावर प्रीती करतोस काय, हा प्रश्न न्याहारी झाल्यावर आला. आधी न्याहारी, मग प्रश्न. आपल्या घरात हा क्रम उलटा झाला आहे.

हा विषय केवळ पोटाचा नाही. सरकारी नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. प्रत्येकाचे कारण निराळे असेल. पण एलियासारखे रानातल्या झुडपाखाली बसलेले मूल आपल्या शेजारच्या खोलीतही असू शकते. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल तर त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मदत मागणे हा विश्वासाचा उणेपणा नव्हे.

या प्रायश्चित्तकाळात आपण मोठ्यांनी एक वेगळा उपवास करू या. जेवताना मार्कांचा विषय काढायचा नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही, टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा. दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बसायचे. ताटात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण असो, नाहीतर नुसती पेज. आमच्या घरी हे सुरू केले तेव्हा पहिले काही दिवस कुणालाच बोलायला विषय सुचेना. मग एके रात्री मुलाने आपणहून दुसऱ्यांदा भात मागितला. त्या दिवशी टेस्ट कशी गेली, ते आम्ही विचारले नाही. जेवण झाल्यावर त्यानेच सांगितले.

प्रभू आपल्या परीक्षार्थी मुलामुलींना आरोग्य, शांत झोप आणि धीर देवो, आणि आपल्याला त्यांच्याजवळ बसायला सवड देवो. आमेन.